आई दुकान समजून आत गेली

आई नागपूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली, तेव्हा मी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होते. तिला समुद्र बघायचा होता, शिवाय परत जाताना सगळ्यांसाठी काहीतरी वेगळं न्यायचं होतं. म्हणून एका शनिवारी कार रेंट करून मी तिला किनाऱ्यावरच्या एका जुन्या गावात नेलं. कधीकाळी डच लोकांनी वसवलेलं हे गाव आता सुट्टीला येणाऱ्यांवर चालतं. मुख्य रस्त्यावर जुनी लाकडी घरं आणि बहुतेक घरांत दुकानं. लाकडी बूट, निळ्या-पांढऱ्या बश्या, इवल्याशा पवनचक्क्या.

एका दुकानात आईनं मावशीसाठी बशी निवडली. मी काउंटरवर गेले. दुकानातली बाई बशी कागदात गुंडाळत होती, तेवढ्यात मी वळून पाहिलं तर आई नव्हती.

शेजारच्या दुकानात डोकावले, मग समोरच्या. तिच्या फोनमध्ये इथलं सिम नव्हतं. रस्ता उतरत जिथे संपत होता तिथे पाणी दिसत होतं आणि आईला पोहता येत नव्हतं. मी "आई! आई!" अशा हाका मारत पळत सुटले. आइस्क्रीम खाणारे लोक बाजूला होऊन माझ्याकडे बघायला लागले.

वळणापाशी एका घराच्या व्हरांड्यात लाकडी बूट मांडले होते, त्यांत फुलं लावलेली. जाळीचं दार अर्धवट उघडं. आतून आईचा आवाज आला, "हाऊ मच?"

दारावर ना पाटी होती, ना कशावर किमतीचं लेबल. ते कुणाचं तरी घर होतं.

चुकीच्या दारात उभं राहिलं म्हणून गोळी घातल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. लायब्ररीतून रात्री घरी येताना मी स्वतः कुणाच्या अंगणातून शॉर्टकट घेत नसे.

मी आत शिरले. आई बश्यांच्या कपाटासमोर उभी होती. पलीकडे एक म्हातारा, त्याचा उजवा हात टेबलाच्या उघड्या ड्रॉवरमध्ये. माझे हात आपोआप वर गेले.

"माझी आई आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "तिला दुकान वाटलं. सॉरी. आम्ही निघतोय."

त्याचा हात आतच होता.

"अगं, हात कशाला वर केलेस?" आई हसत म्हणाली. "याला विचार ना, ही मोठी बशी केवढ्याला?"

"आई, गप्प बस. माझ्याकडे ये. हळू."

माझा आवाज ऐकून तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे चालत आली. म्हाताऱ्यानं ड्रॉवर लावला. हात रिकामा होता.

"पुढच्या वेळी बेल वाजवा," तो म्हणाला.

ड्रॉवरमध्ये काय होतं, मला कधीच कळलं नाही. कदाचित फोन असेल. म्हातारा माझ्याइतकाच घाबरलाही असेल.

आम्ही रस्त्यावर आलो. मी फुटपाथच्या कडेलाच बसले. आई शेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. समुद्र राहिलाच, आणि काउंटरवरची बशीही तिथेच राहिली.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "तू इथे रोज अशीच भीत राहतेस?"

"नाही गं. आज तुझ्यामुळे घाबरले."

"खरं सांग."

मी इंडिकेटर देऊन लेन बदलली. एरवी गाडीत बसल्या बसल्या झोपी जाणारी आई घरी पोहोचेपर्यंत टक्क जागी होती. पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा मी उतरून परत येईपर्यंत तिनं आतून सगळी दारं लॉक केली होती.