काळविटाचं कातडं आणायला मक्सीला

माझ्या धाकट्या भावाची मुंज ठरली आणि घरात सगळं जमलं, फक्त काळवीट जमेना. मुंजीत बटूच्या गळ्यात काळविटाच्या कातड्याचा तुकडा बांधतात. आमच्या गुरुजींना तो ताजा हवा होता. बाजारातल्या तुकड्याला ते सरळ बकरी म्हणायचे.

मध्य भारत नावाचं आमचं राज्य तेव्हा, १९५६ साली, विलीनीकरणाआधीचे शेवटचे दिवस मोजत होतं. सरकारी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, बदलीची धास्ती होती. त्यात ही कामगिरी. एका विद्यार्थ्याचे वडील मक्सीजवळच्या गावचे पटेल होते, त्यांच्याकडे बंदूक होती. मी हट्ट धरला की मला उड्या मारणारं काळवीट बघायचंय. "चल, दोन्ही कामं होतील," अण्णा म्हणाले. दोन्ही एकदम कशी होतील, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आमच्या शहरातल्या देवास गेटच्या स्टँडवरून सकाळची बस पकडली. धूळ इतकी की उतरताना सगळे प्रवासी एकाच जातीचे दिसत होते. आईच्या दशम्या शेजारच्या बाईंच्या कचोऱ्यांशी बदलून खाल्ल्या. तुम्ही आज गेलात तर रस्ता छान आहे, मक्सीला रेल्वेही जाते. पण आमच्या टॉवर चौकात पोहे खाऊनच निघा, उपाशी पोटी माळवा बघू नये. पुढे शाजापूरकडे काळवीट आता पुन्हा दिसतात, शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतात.

तेव्हा मात्र उलटं होतं. पटेलांनी बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवून वाढले आणि म्हणाले, "मास्साब, पहले ये सारा बीड़ हिरनों से भरा रहता था." बीड म्हणजे राखलेला गवताळ माळ. संस्थानी अमलात तिथे परवानगीशिवाय बंदूक चालत नसे. "राज गया, तो हर कोई राजा हो गया. शहरवाले जीप लेके आते हैं, बत्ती मारते हैं और धड़ाधड़."

आतून पटेलांच्या आई बोलल्या, "और बीड़ में हल किसने चलाया? जीपवालों ने?"

"माँ, गेहूँ तो बोना पड़ेगा."

"तो बो. फिर मत पूछ कि हिरनी बच्चा कहाँ छुपाएगी." मग त्या दारात येऊन अण्णांकडे वळल्या. "और मास्साब, आपको चमड़ा चाहिए ना?"

अण्णांनी बाफल्यात लक्ष घातलं.

ऊन उतरल्यावर बैलगाडीने उरलेल्या गवतात गेलो. बराच वेळ काही नाही. मग चार-दोन माद्या दिसल्या आणि त्यांच्यामागे तो, काळाभोर, पीळदार शिंगांचा. बैलाच्या घंटेने दचकून त्याने जी उडी मारली, ती मला अजून दिसते. पाय खाली टेकवायची त्याला गरजच वाटत नव्हती. थोडा पळून तो वळून उभा राहिला.

पटेलांनी बंदूक उचलली. "हुकुम, मास्साब?"

मी अण्णांचा हात घट्ट धरला. मला रडू येत होतं. मुंज दोन दिवसांवर होती, पटेल खोळंबले होते. अण्णा माळावर इकडून तिकडे बघत राहिले.

"रहने दीजिए, पटेलसाहब," ते शेवटी म्हणाले. "दूसरा काला कहीं दिखता नहीं. ये गया तो इन हिरनियों का आगे क्या?"

परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "गुरुजींशी तू बोल." मी अर्थातच बोलले नाही.

घरी आईने कपाळाला हात लावला. गुरुजी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून स्वतःचं मृगाजिन काढलं, त्यांच्या गुरूंनी दिलेलं, जपाला बसायचं. आईकडून कातर मागितली आणि एक कोपरा कापून दिला.

"शास्त्रात काळवीट लिहिलंय, ताजं लिहिलेलं नाही," ते पुटपुटले. "पण कोणाला सांगू नका, नाहीतर माझ्या बुडाखाली काही उरायचं नाही."

आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं. ज्याच्या घरी मुंज, तो तुकडा मागायला गुरुजींच्या दारात. काही वर्षांनी ते साध्या चटईवर जप करताना दिसले. मी आसनाचं विचारलं, तर डोळे मिटूनच म्हणाले, "चरायला गेलंय."