तारखेला बांधलेला बाण

पाणीपुरवठा कार्यालयाच्या संगणक विभागात तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेले मुख्य अभियंतासाहेबसुद्धा. टाक्यांच्या पातळीचे आलेख काढून सोमवारच्या बैठकीत ठेवणं हे तिचं काम. आलेख संगणक काढायचा, पण त्यावरचे बाण आणि टिपा अभियंते हाताने चिकटवायचे. कुणाचा बाण लालभडक, कुणाची टीप दुसऱ्याच्या टिपेच्या उरावर बसलेली.

एका सोमवारी टेकडीवरच्या टाकीचा आलेख पडद्यावर आला. मधोमध खोल खळगा आणि त्याला टोचणारा बाण, 'व्हॉल्व्ह उघडा राहिला'. साहेबांनी तिथल्या व्हॉल्व्हमनला बोलावून सगळ्यांदेखत खडसावलं. त्या दिवशी व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला होता, पाइप गळतोय, असं तो परोपरीने सांगत होता. पण पडद्यावरच्या बाणापुढे त्याचं कोण ऐकणार?

ताईला बाणाची जागा काहीतरी वेगळी वाटली. नव्या आठवड्याची भर पडल्याने आलेख डावीकडे सरकला होता आणि बाण होता तिथेच चिकटून राहिला होता. जुन्या खळग्याचा आळ नव्या खळग्यावर आला होता. तिने मागच्या आठवड्याचा आलेख शेजारी लावला आणि म्हणाली, "साहेब, माणूस बरोबर आहे, बाण चुकलाय."

व्हॉल्व्हमन सुटला. पण ताईच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. जेवताना तिने आईला सांगितलं की आता बाणाचंच काम हाती घेणार. आई म्हणाली, "म्हणजे दिवसभर बाण मारणार?"

"बाता मारण्यापेक्षा बरं," ताई म्हणाली.

साहेबांना ते पटलं नाही. एवढ्याशा बाणासाठी आठवडा कशाला घालवायचा, असं त्यांनी विचारलं. ताईने शांतपणे सांगितलं, की प्रत्येक जण दर सोमवारी बाण चिकटवत बसतो, त्यात जाणारा वेळ मोजला तर आठवडा स्वस्तच पडेल. मग तिने कोडचे सुटे भाग लिहिले. एक बाणाचा, एक टिपेचा, एक दुरुस्तीचे दिवस रंगवणाऱ्या पट्ट्याचा. कुठल्याही आलेखाला जोडावेत असे. तारीख आणि मजकूर द्यायचा, जागा तो भाग स्वतः शोधायचा. दोन टिपा एकमेकींना भिडल्या तर एक निमूटपणे बाजूला सरकायची. आणि एक अट तिने मुद्दाम घातली. लिहिणाऱ्याचं नाव दिल्याशिवाय टीप उमटणार नाही, आणि कुणी ती काढली तर काढणाऱ्याचं नाव तिथे राहील.

टाक्यांवरची माणसं फोनवर टिपा सांगू लागली. पुढच्याच बैठकीसाठी काढलेल्या आलेखात टेकडीच्या टाकीच्या खळग्यावर टीप होती, 'पाइप गळतोय, दोनदा कळवलं, कुणी आलं नाही', खाली व्हॉल्व्हमनचं नाव. वरचे अधिकारी त्या दिवशी बैठकीला यायचे होते. साहेबांनी ताईला बाजूला घेऊन टीप काढायला सांगितली.

"काढते की," ताई म्हणाली. "काढणाऱ्याचं नाव पडतं. तुमचं टाकू?"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "राहू दे. दुरुस्तीची माणसं पाठवतो. पट्टा कुठल्या रंगाचा लावतेस?"

"निळा," ताई म्हणाली.

खोदल्यावर पाइप बोटभर चिरलेला निघाला.

पुढे शेजारच्या शहरातल्या कार्यालयाने ते भाग मागून नेले. तिथल्या बाईंचा फोन आला, की लांबलचक टीप आलेखाच्या कडेला अर्धी कापली जाते. ताईने मूळ भागात चार ओळी बदलल्या आणि दोन्ही शहरांतल्या टिपा एकदमच नीट दिसू लागल्या. तिने त्या बाईंना कळवलं, डबा उघडला आणि जेवता जेवता पुढच्या कामाला लागली. काळ्यापांढऱ्या छापील कागदावर रंगीत पट्टे सगळे सारखेच करडे दिसत होते.