रिकाम्या रकान्यांची सरासरी

मला ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते, तो असा: मालाची गाडी उशिरा पोहोचणार आहे, हे ती निघण्याआधीच यंत्राला सांगता येते का? उत्तर मला मिळाले आहे. ते क्रमाने मांडतो, कारण मधली एक पायरी गाळली तर दोष यंत्राचा वाटेल, आणि तो यंत्राचा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होतो. निवृत्तीनंतर हिंगोलीत राहतो. दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता संगणक अभियंता आहे. जिल्ह्यातल्या एका मालवाहतूकदारासाठी ती एक प्रणाली तयार करत होती. पिकअप गाडी कोणत्या गावी किती वाजता पोहोचेल, याचा अंदाज त्या प्रणालीने गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आधीच पाठवायचा होता. त्यासाठी तिला जुन्या फेऱ्यांच्या नोंदी तपासून हव्या होत्या.

"सर, आकड्यांवर तुमच्याइतकं बारीक लक्ष कोणाचंच नाही," ती म्हणाली. "समासाची रेघ वाकडी आली तरी तुम्ही वही परत करायचात."

"वही परत करायचो, पण छडी कधी मारली का?"

"डोळे वटारायचात की. त्यापेक्षा छडी बरी होती."

मशीन लर्निंग म्हणजे काय, ते तिने मला अर्ध्या तासात समजावले. इथे दोन वाक्यांत सांगतो. यंत्राला नियम शिकवायचे नाहीत. घडून गेलेली उदाहरणे दाखवायची. गाडी कधी निघाली, कोणत्या मार्गाने गेली, कोणता वार होता आणि कधी पोहोचली, अशा शेकडो फेऱ्या दाखवल्या की कशामुळे किती उशीर होतो, हे ते स्वतः शोधून काढते. तिने काम विचारपूर्वक केले होते. आठवडी बाजाराचा एक रकाना होता. एकादशीचाही एक वेगळा रकाना होता, कारण त्या दिवशी नरसी नामदेवला भाविकांची गर्दी होते आणि रस्ता अडतो, हे हिंगोलीत वाढलेल्या मुलीला कोणी सांगावे लागत नाही.

चालकांनी भरलेले कागद दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांत आले. तेलाचे डाग होते, अक्षर गिचमिड होते, पण वाचता येत होते. अडचण एकच होती. पुष्कळ फेऱ्यांत 'पोहोचल्याची वेळ' हा रकाना मोकळा होता.

इथे माझ्या घडणीविषयी सांगायला हवे. हजेरीपटात मोकळा रकाना ठेवायचा नाही, ही माझ्या नोकरीतली पहिली शिकवण. मुलगा आला तर खूण, नाही आला तर दुसरी खूण. काहीच नसेल तर तपासणीला आलेले अधिकारी त्या चौकोनावर बोट ठेवून वर पाहत. त्या पाहण्याची धास्ती मी इतकी वर्षे बाळगली की मोकळा चौकोन दिसला की हात आपोआप लेखणीकडे जातो. त्या गठ्ठ्यांवरही तसेच झाले. मोकळ्या जागांच्या तारखा मी सवयीने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवल्या. मग प्रत्येक मार्गाची सरासरी काढली आणि संगणकाच्या तक्त्यात ती त्या मोकळ्या जागी भरली. विद्यार्थिनीने मला तसे करायला सांगितले नव्हते. मीही तिला विचारले नाही. तक्ता पूर्ण झाल्याचे तेवढे सांगितले.

"एकही जागा सुटली नाही?" तिने आनंदाने विचारले.

"माझ्या हातून जागा सुटते का?" मी म्हणालो.

गणिताच्या दृष्टीने मी काय केले, ते पाच फेऱ्यांच्या उदाहरणावरून पाहू. तीन फेऱ्या सात, सात-दहा आणि सात-वीसला पोहोचल्या. दोन जागा मोकळ्या. तिन्हींची सरासरी सात-दहा. ती दोन्ही मोकळ्या जागी भरली, तरी पाचांची सरासरी सात-दहाच राहते. तक्ता स्वच्छ दिसतो, काही बिघडल्यासारखे वाटत नाही. परंतु त्या दोन फेऱ्या खरोखर अकरा-चाळीस आणि अकरा-पन्नासला पोहोचल्या असतील तर? मग सरासरी येते बरोबर नऊ. आणि सरासरीपेक्षा मोठी गोष्ट ही की पाचांतल्या दोन गाड्या दुपारपर्यंत येतच नाहीत. हा हिशेब मी सातवीच्या वर्गातही फळ्यावर करून दाखवला असता. त्या वेळी मात्र तो माझ्या मनात आला नाही.

आता माझ्या धाकट्या बहिणीविषयी. ती पुसेगावला असते. घरची जमीन सोयाबीन आणि हळदीची. त्यातला एक तुकडा मागून घेऊन तिने तुती लावली, शेड उभारली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली. त्या घरात तिच्या शब्दाने चालणारी तेवढीच एक गोष्ट होती. अळ्या अगदी कोवळ्या असताना चॉकी केंद्रात वाढवतात. दुसऱ्यांदा कात टाकून झाली की ट्रेमध्ये घालून पहाटेच्या थंडाव्यात शेतकऱ्याकडे रवाना करतात. बहिणीकडे ते ट्रे याच मालवाहतूकदाराच्या पिकअपने येत. पोहोचतात तेव्हा त्या उपाशी असतात, आणि त्यांना तुतीचा ताजा पाला लगेच लागतो. पाला लवकर कापला तर सुकतो. उशिरा कापला तर अळ्या ताटकळतात. म्हणजे गाडी केव्हा येणार, यावर सारे अवलंबून.

तिच्या मागच्या दोन बॅच उन्हाने गेल्या होत्या. तिसरीच्या आधी तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, शांतपणे सांगितले होते, "ही बी गेली तर तुती उपटायची. हळद लावू. मग बोलायचं न्हाई."

आधी ती चालकाला दर अर्ध्या तासाने फोन करी आणि गाडी हिंगोली सोडून पुढे आली की विळा हातात घेई. मीच तिला ते सोडायला लावले. आता मोबाइलवर वेळ येते, ती पाहून पाला काप, असे समजावले. ती वेळ माझ्या हाताखालून गेलेल्या आकड्यांतून आली आहे, हे सांगताना मला अभिमान वाटत होता.

त्या बॅचसाठी मी आदल्या दिवशीच पुसेगावला मुक्कामाला गेलो. उन्हाळा लागला होता. सकाळी सहाला मोबाइलवर संदेश आला: पोहोचण्याची वेळ सात वाजून दहा मिनिटे.

"दादा, आज एकादस हाय बरं," बहीण म्हणाली. "नरसीत गर्दी ऱ्हाईल."

"एकादशीचा रकाना आहे त्यात," मी म्हणालो. "सगळं धरलंय."

तिने पाला कापला. शेडच्या दारात फांद्यांचे भारे रचून वर ओले पोते टाकले. सात-दहा झाले. मोबाइलवर सात-चाळीस अशी वेळ आली.

दाजी मोटारसायकल पुसत होते. "जाऊ का म्होरं? शेजाऱ्याचा टेम्पो हाय. नरसीच्या अलीकडंच ट्रे उतरवून घिऊ."

"थांबा. सात-चाळीस दाखवतंय. तुम्ही तिकडून जाल, गाडी इकडून येईल."

"गुरुजी, तुमची गाडी मोबाइलातच फिरून राहिली का काय?"

बहीण हसली. मीही हसलो. सात-चाळीसची आठ-दहा झाली, आठ-दहाची आठ-पस्तीस. यंत्र दर वेळी थोडीच वेळ वाढवत होते, कारण त्याने पाहिलेल्या फेऱ्यांत एवढाच उशीर होत असे. आणि दर वेळी मी दाजींना थांबवत होतो. शेवटी नऊ वाजता बहिणीने माझ्याकडे न पाहता चालकाला फोन लावला.

"ताई, नरसीत रस्ता बंद केला ना," चालकाचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. "दोन तास उभा हाओ. आता खेड्यांतून फिरून येऊन राहिलो."

त्या फिरण्यात टायर पंक्चर झाला. गाडी पावणेबाराला आली. ट्रेवरचा कागद उचलला तेव्हा आतून गरम वाफ अंगावर आली. सकाळचा पाला सुकला होता. बहिणीने भर उन्हात दुसरा कापला. तो हाताला गरम लागत होता. अळ्यांनी तो खाल्ला. त्या मेल्या असत्या तर निदान त्याच दिवशी कळले असते.

तसे झाले नाही. सगळ्या अळ्यांनी एकाच वेळी कात टाकायची असते. त्यांच्यात मागेपुढे होऊ लागले. एका रॅकवर निम्म्या खात होत्या, निम्म्या माना वर करून गप्प बसल्या होत्या. मी हिंगोलीहून रोज फोन करत होतो. "हायेत," ती म्हणायची. नंतर नंतर "हायेत" म्हणायच्या आधी थोडी थांबू लागली. शेवटच्या टप्प्यात त्या मऊ पडल्या आणि फांद्यांवरून डोके खाली करून लोंबू लागल्या. मी गेलो तेव्हा शेडला वास येत होता. बहीण तोंडाला पदर बांधून मेलेल्या अळ्या टोपल्यांत भरत होती. शेताच्या कडेला खड्डा खणून ठेवलेला होता. मी टोपली उचलायला पुढे झालो.

"राहू दे दादा. तुझे कपडे खराब होतील."

"चूक माझी झाली."

"तू काय मुद्दाम केलं व्हय?" ती म्हणाली, आणि टोपली स्वतःच उचलून गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो चालक मला हिंगोलीत भेटला. त्या एकादशीची नोंद पाहायची आहे, असे मी त्याला म्हणालो. आता नोंदी कागदाऐवजी मोबाइलवर भरतात; त्याने तो दाखवला. निघाल्याची वेळ होती, मार्ग होता. पोहोचल्याची वेळ मोकळी होती.

"काहून भरली नाहीस?"

"गुरुजी, येळेवर पोचलो तर भरतो. उशीर झाला त भरून काय, मालकाच्या शिव्या खाऊ? आमी सगळेच मोकळं सोडतो."

"मग त्या जुन्या कागदांतल्या मोकळ्या जागा?"

"त्या सगळ्या तकलीफीच्या दिवसांच्या, गुरुजी."

घरी येऊन मी वहीचे शेवटचे पान आणि त्या नोंदींच्या वर्षाचे जुने कॅलेंडर समोरासमोर धरले. नरसीमार्गे जाणाऱ्या फेऱ्यांच्या मोकळ्या तारखा एकामागून एक एकादशीवर आणि बाजाराच्या दिवसांवर येऊ लागल्या. अर्ध्यावर मी थांबलो. यंत्रासमोर एकादशीचा रकाना होता आणि त्यापुढे मी प्रत्येक वेळी नेहमीच्या दिवसाची सरासरी लिहून ठेवली होती. एकादशीने काही फरक पडत नाही, हे मी त्याला काळजीपूर्वक, पुन्हा पुन्हा शिकवले होते. ते चांगले विद्यार्थी होते. त्याने ते तंतोतंत पाठ केले. माझ्या बहिणीच्या अळ्यांचा दिवस त्या जुन्या गठ्ठ्यात आला असता, तर त्याच्यापुढेही मी सात-दहाच लिहिले असते.

विद्यार्थिनीला सारे सांगितले. ती म्हणाली, "सर, मीही विचारायला हवं होतं. तारखा आहेत तर त्या जागा परत मोकळ्या करता येतील. पण खऱ्या वेळा कुठून आणायच्या?"

कुठूनच नाही. सारे संगणकात आल्यावर मूळ कागद मालकाने रद्दीत दिले होते, आणि तसेही त्यांवर त्या वेळा कधी नव्हत्याच. चालकांना आता आठवत नाही. मोकळ्या जागा ठेवून तिने यंत्राला पुन्हा शिकवले. ही नवी प्रणाली एकादशीला निश्चित वेळ देत नाही. पुरेशी माहिती नाही, असे दाखवते. मला ते प्रामाणिक वाटले. आम्ही दोघे मालकाला भेटायला गेलो.

"म्हणजे माहीत नाही असं सांगायचं गिऱ्हाइकाला?" तो म्हणाला. "वेळ सांगितली की माणूस शांत बसतो, गुरुजी. जुनंच राहू द्या. चांगलं चालू आहे."

शांत बसतो, हे खरे आहे. आम्हीही तसेच बसलो होतो.

जुनेच चालू आहे. माझ्या सरासऱ्या आजही रोज सकाळी कोणाकोणाच्या मोबाइलवर जातात. मी मालकाला दोनदा लेखी कळवले. उत्तर आले नाही. पुसेगावची तुती मुळासकट निघाली, तिथे हळदीच्या सऱ्या पडल्या. शेडमध्ये आता खताची पोती असतात. बहिणीचा फोन येतो. ती तब्येतीचे विचारते, गाडीचे कधी विचारत नाही. मी चाळीस वह्या तपासल्यासारखी ही गोष्ट मनात पुन्हा पुन्हा तपासली आहे. दुरुस्त करता येईल अशी एकही ओळ सापडत नाही.

म्हणून उत्तर असे: होय, यंत्राला उशीर आधी सांगता येतो. पण ज्या दिवशी उशीर झाला, त्या दिवसाची नोंद त्याला दाखवली तरच.

माझ्या शब्दावर हे मानू नका. तुमच्याकडे अशी गाडी येत असेल तर मोबाइलवर आलेली वेळ एका वहीत लिहा आणि गाडी प्रत्यक्ष दारात थांबली ती वेळ तिच्या शेजारी लिहा. लिहायला सवड नसेल त्या दिवशी तर नक्की लिहा. काही महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून स्वतः पडताळून पाहा.