पानं किती?

सुमतीताईंच्या गौरव अंकासाठी हा लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल संपादक मंडळाची आणि ताईंची आधी क्षमा मागतो. दोनदा लिहिला, दोनदा फाडला. माझं शिक्षण सातवीपर्यंत आणि आयुष्य गेलं बस डेपोत फिटरचं काम करण्यात. गौरवाचे शब्द मला चटकन सुचत नाहीत. पण उशिराचं खरं कारण वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

सुमतीताईंची पहिली ओळख फोनवर झाली. पत्नी गेल्यावर मी सातारा सोडून मुलाकडे, अमेरिकेत एडिसनला आलो. अनिलने नवं घर घेतलं तेव्हा सत्यनारायण करावा असं माझ्या मनात आलं. प्रयोगशाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एक बाई उत्तम पौरोहित्य करतात, असं कळलं. मी फोन लावला. तारीख नाही, गोत्र नाही, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पानं किती?"

"पन्नास," मी म्हणालो.

"पन्नास? अहो, घर केवढं आहे तुमचं?"

"घराचं काय त्यात? फ्रिजमध्ये मावलीत. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आजच आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीत."

ताई इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "काका, विड्याची नव्हेत हो! जेवायला पानं किती?"

मी ओशाळलो. "चार. मी, मुलगा अनिल, सून मेधा आणि नात मिहिका."

"चौघं एका वेळी बसता?"

देवाच्या कामात खोटं कसं बोलणार? मी सातला एकटा जेवत असे. मिहिका ताट घेऊन खोलीत जाई, मेधा मीटिंग ऐकता ऐकता खाई आणि अनिल नऊला येऊन मायक्रोवेव्हसमोर उभ्यानेच आटपत असे.

"मग नैवेद्य कोणत्या ताटाआधी दाखवता?" ताईंनी विचारलं.

साताऱ्याला नैवेद्य झाल्याशिवाय आमच्या घरी कोणी घास उचलत नसे. इथे तो कधी बंद पडला, हेही मला आठवेना. कोणी बंद केला नव्हता. चौघं चार वेळांना जेवणाऱ्या घरात देवाला नेमकं कधी वाढायचं, ते कळेनासं झालं होतं, एवढंच.

ताईंचा नियम आपणा सर्वांना माहीत आहे. घरातली सगळी माणसं एका पंगतीला बसणार असतील, तरच त्या पूजेला येतात आणि पंगत स्वतः वाढतात. आमच्या पूजेच्या दिवशी भात वाढून झाला आणि अनिल फोन घेऊन वर गेला. ताई वरणाची पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी जिन्याकडे तोंड करून म्हणाल्या, "अनिलराव, देव थांबतो हो, वरण थांबत नाही!" अनिल निमूट खाली आला. त्या दिवसापासून आमच्याकडे रविवारचं जेवण एकत्र सुरू झालं.

हा आग्रह कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी शेजारच्या बार्बराबाईंची गोष्ट सांगितली. या बाई जवळच्या एका जुन्या चर्चची किल्ली सांभाळत. माणसं उरली नाहीत म्हणून ते चर्च विकलं गेलं. शेवटचं कुलूप लावायला बाईंना एकटीने जाववेना, म्हणून ताई सोबत गेल्या. बार्बराबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "देवाशी कुणाचं भांडण झालं नाही, सुमती. आधी आमचं रविवारचं जेवण बंद झालं. मग मुलं तीन राज्यांत गेली. काहींनी लग्नं केली नाहीत, केली त्यांनी उशिरा. हात धरून इथे आणायला लहान मूलच नव्हतं कुणाकडे."

लोक म्हणतात, श्रद्धा गेली म्हणून घरं मोडली. ताई म्हणतात, उलटंही होतं. खरं काय, ते मला ठरवता येत नाही. मिहिकाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट फेअर. माझा मित्र रायन देव मानत नाही, पण त्याच्या आजीला रोज फोन करतो." तेही खरंच आहे. मी स्वतः देव मानतो आणि साताऱ्यातल्या भावाला महिना महिना फोन करत नाही.

माझा स्वभाव घोर लावून घेणारा. हे ओळखून ताई दर गुरुवारी सकाळी फोन करतात. "काका, आज एकच काळजी सांगायची. बाकीच्या पुढच्या गुरुवारी." गेलं वर्षभर माझी काळजी एकच आहे.

मिहिकाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, याच रायनशी नोंदणी लग्न केलं. ना आपला विधी, ना त्यांचा. तेव्हापासून अनिल तिच्याशी बोलत नाही. आता तिला मुलगी झाली आहे. तिनेच ताईंना फोन केला, "मावशी, बारसं कराल?" ताईंनी तिला ना लग्नाचं विचारलं, ना देवाचं. विचारलं, "पानं किती?"

"दोन," मिहिका म्हणाली.

"आणखी तीन होतील तेव्हा सांग. गुडघे दुखले तरी विमानाने येईन."

मेधाची आणि माझी पानं धरा. एक उरतं. मी विषय काढला की अनिल म्हणतो, "लग्नाला देव नको होता, आता बारशाला कशाला हवा?" ते पान धरावं की नाही, हे कळेपर्यंत हा लेख कसा पूर्ण करू? उशीर झाला तो यामुळे.

ताईंना पंचाहत्तरावं लागलं. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, आवाज असाच खणखणीत राहो आणि आणखी पुष्कळ वर्षं त्यांच्या हातचं गरम वरण घराघरांतून वाढलं जावो, हीच प्रार्थना.

मला टायपिंग येत नाही. माझे हे कागद पाहून संगणकावर लेख उतरवणार आहे तो अनिलच. तेव्हा बाळा, इथवर आलास की ताईंना फोन लाव आणि पानं किती ते सांग. लवकर सांग. मुलीला अजून नाव नाही.