‘पातळ रक्त’ आणि कमल राठोड

कमलला मी शेवटची भेटले तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. यवतमाळच्या तिच्या घराच्या मागच्या अंगणात, उन्हाकडे पाठ करून. मी रागावले, तर म्हणाली, “डॉक्टरनं बोलू नको म्हटलं... हात चालवू नको, असं नाई म्हटलं.” एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागला. तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ‘फायब्रोसिस’ असं नाव सांगितलं होतं. जन्मभराची सवय तिनं त्या दिवशीही सोडली नाही. विचारलं, “मास्तरीण, मराठीत काय म्हणतेत याले?” मी म्हटलं, “तंतुमयता.” तिनं मान हलवली. जरा वेळानं म्हणाली, “वाळलेला दोडका. बाहेरून दोडकाच दिसते... आत नुसती जाळी.” आणि हसली. हसण्यानं खोकला आला, मग आम्ही दोघी नुसत्या शेंगा सोलत राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या मुलीचा, मायाचा फोन आला. मी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात उभी होते. “मावशी, मम्मी गेली,” एवढंच ती म्हणाली. समोरची भाजीवाली विचारत होती, “बाई, मेथी देऊ का?” मी ‘दे’ म्हटलं. मेथी घेऊन मी घरी आले, निवडलीसुद्धा. तिच्या जाण्याचा अर्थ कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली... आता काही आठवडे झालेत. कमल कोण होती हे तिच्या विद्यार्थिनींना ठाऊक आहे, पण तिच्या त्या शब्दांच्या हट्टामागे काय होतं, ते फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

आमची ओळख झाली तेव्हा दोघींचेही केस काळे होते. मी दारव्ह्याला कॉलेजात मराठी शिकवायची. ती यवतमाळला एका खाजगी नर्सिंग शाळेत शिकवायची. मूळची फुलसावंगीकडच्या एका तांड्यातली. कोणीतरी तिला सांगितलं की मराठीच्या एक बाई आहेत, त्यांना विचार, आणि ही दुपारच्या जीपनं, ड्रायव्हरशेजारची जागा भांडून मिळवून, थेट माझ्या दारात. पाणीही न पिता म्हणाली, “मह्या पोरी घाटंजीकडून येतेत, तांड्यावरून येतेत, कोलामाच्या पोडावरून येतेत. ‘एट्रियम, व्हेंट्रिकल’ घडाघडा म्हणून दाखवतेत. अर्थ इचारला का माना खाली. मले मराठी शब्द पायजे.” मी परिभाषेचा कोश काढला. एट्रियम म्हणजे अलिंद, व्हेंट्रिकल म्हणजे निलय. ती म्हणाली, “आन् अलिंद म्हणजे?” इतकी वर्षं मराठी शिकवून मला तो प्रश्न कधी पडला नव्हता. संस्कृतचा कोश पाहिला तेव्हा सापडलं, अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे घर. कमल उठून उभीच राहिली. “म्हणजे छपरी! रगत पयले छपरीत येते, मंग दार उघडते, मंग घरात जाते. दार म्हणजे व्हॉल्व्ह, झडप!” त्या दिवशी ती चहा पिऊन गेली, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आली. मग येतच राहिली.

आमची भांडणंही खूप झाली. मी शुद्ध शब्द काढायची, ती ते मोडायची. ‘श्वासपटल’ तिनं घेतला, ‘वायुकोश’ घेतला, पण ‘रक्तगोठणरोधक’ ऐकून म्हणाली, “हे म्हणेपर्यंत पेशंट मरून जाईन.” मी चिडून म्हटलं, “मग तूच सांग.” यावर ती एरवीसारखी हसली नाही. पर्स उचलून निघून गेली. मला वाटलं, माझा सूर तिला लागला असावा. दुसरा एक शब्द तिला फार छळायचा, तो म्हणजे ‘काळीज’. पेशंट बाई म्हणते काळजात दुखते, आणि हात ठेवते पोटाच्या वर. खाटकाकडं मागितलं तर काळीज म्हणून यकृत देतो. तसंच ‘जीव घाबरते’. आमच्याकडे छाती भरून आली, घाम सुटला, श्वास पुरेना झाला की माणूस एवढंच म्हणतो, “जीव घाबरून राह्यला.” नवी नर्स समजते, हा भ्याला आहे. कमल मुलींना बजावायची की हे शब्द ऐकले की धीर देत बसू नका, आधी नाडी धरा. असं सांगताना तिचा आवाज चढायचा. मुली तिला भ्यायच्या. काही तर रडायच्या. मला ते खटकायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मग एकदा तिनं मला परसरामबद्दल सांगितलं. परसराम तिचा थोरला भाऊ. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. तरुण वयात मोठ्या शहरात ऑपरेशन होऊन नवी, धातूची झडप बसली. घरी पाठवताना त्याच्या आईला, म्हणजे कमलच्या याडीला, कोणीतरी गोळ्यांचं पाकीट देऊन सांगितलं, “ही रक्त पातळ करायची गोळी, रोज द्यायची, कायमची.” याडी तांड्यावर आली. पोरगं ऑपरेशननं वाळून गेलेलं, चेहरा पांढराफटक. आमच्या भागात ‘रगत पातळ झालं’ म्हणजे माणसात ताकद उरली नाही, तो आता टिकत नाही. जे पोर आधीच पातळ रक्ताचं, त्याला आणखी पातळ करायची गोळी कोणती आई देईल? काही दिवस तिनं दिली आणि मग बंद केली. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे दिले, बकऱ्याच्या पायाचा रस्सा दिला. पोरगा जरा भरलाही. तिला वाटलं, बरं झालं बंद केली. काही महिन्यांनी एका सकाळी, बैल सोडता सोडता परसराम खाली पडला तो पुन्हा उठला नाही.

कमल तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या गोळीचं इंग्रजी नाव, तिचं काम, सगळं तिनं परीक्षेत लिहिलेलं होतं. “पर घरी गेली तवा मी इचारलंच नाई, गोळी देऊन राह्यली का म्हणून,” ती मला म्हणाली. “तेराव्याले पाकीट सापडलं, सुरवातीच्या गोळ्या सोडल्या तं भरलेलं. तवा कळलं. याडी समजते, ऑपरेशननं आन् त्या सुरवातीच्या गोळ्यांनं पोरगा गेला. मी तिले कधी सांगितलं नाई. कशी सांगू?” तिचा चढलेला आवाज मला त्या दिवसानंतर कधी खटकला नाही.

ही गोष्ट इथेच संपली असती तर कमलनं ती छातीशी धरून आयुष्य काढलं असतं. पण पुढे याडीचंच हृदय लय सोडून धडधडू लागलं. वय झालेलं, अधूनमधून चक्कर. डॉक्टर म्हणाले, ठोके अनियमित आहेत, आत रक्त साकळून गाठ होईल, ती मेंदूत गेली तर लकवा मारेल. आणि लिहून दिली तीच गोळी. याडीनं पाकीट पाहून तोंड फिरवलं. “हेच देऊन पोरगा मारला,” म्हणाली. कमल माझ्याकडे आली. गोळी का घ्यायची हे नीट समजावलं, तर याडीला परसराम का गेला हेही समजणार होतं. नाही समजावलं, तर ती गोळी घेणार नव्हती. “तू संगं चाल,” कमल म्हणाली. “काही बोलू नको. नुसती बसजो.”

आम्ही तांड्यावर गेलो. याडी छपरीत बसली होती, जवळ दुधाचं भांडं होतं. मायलेकी एरवी गोरबोलीतच, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतच बोलायच्या, पण त्या दिवशी कमल मराठीत बोलली. आपल्या बोलीत ते तोंडातून निघालंच नसतं, असं मला नंतर म्हणाली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, छातीतल्या छपरीचं आणि दाराचंही झालं. मग तिनं विचारलं, “याडी, दुधात विरजण लावलं आन् भांडं हलवलं नाई, तं काय होते?” याडी म्हणाली, “दही लागते. हे काय इचारनं झालं?” कमल म्हणाली, “तुह्या छातीत तसं होऊन राह्यलं. रगत एका जागी थांबते आन् विरजते. हे गोळी रगत पातळ नाई करत, याडी. तुही ताकद नाई घेत. विरजू देत नाई, बस. ज्यानं पातळ म्हटलं, त्यानं चुकीचं सांगितलं.”

याडी तिच्याकडे पाहत राहिली. शेळ्या ओरडत होत्या, कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग ती हळूच म्हणाली, “परसरामची बी हेच गोळी व्हती.” कमलनं मान हलवली. “त्याच्या नव्या दाराले विरजलं?” “हो, याडी.” “दुखलं असंन का त्याले?” “नाई. इतल्या लवकर झालं का दुखायले टाइमच नाई भेटला.” म्हातारी उठली, जनावरांना पाणी पाजून आली, हात पदराला पुसले आणि कमलसमोर तळवा धरला. गोरबोलीत काहीतरी बोलली. कमलनं त्या तळव्यावर गोळी ठेवली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं नाही. दिग्रसच्या पुढे तिनंच सांगितलं. याडी म्हणाली होती, “मी अडाणी, म्हणून पोरगा गेला. पर तू एवढी वर्सं एकटीच काहून वाहून राह्यलीस?” कमल खिडकीबाहेर पाहत होती. कापूस वेचायला आलेल्या बाया रस्त्याकडेला बसल्या होत्या. ती म्हणाली, “अडाणी नव्हती ते. जे सांगितलं, त्याचा जो अर्थ निघते, त्या अर्थानं तिनं बरोबरच केलं. माय होती ना...” त्यानंतर तिच्या वर्गातून बाहेर पडलेली एकही मुलगी ‘रक्त पातळ’ म्हणाली नसेल. म्हणाली असेल, तर कमलला कळू दिलं नसेल.

कमलच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी मी पुन्हा तांड्यावर गेले. लेकीच्या मागं राहिलेली याडी आता फार थकली आहे. मायानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “आजीनं गोळी बंद केली, मावशी. मम्मी गेल्यापासून. तुम्ही बोला.” मी बोलले. छपरी, दार, विरजण, सगळं बोलले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. “समजते मले,” ती म्हणाली. “पर आता कोनासाठी?”

तेवढ्यात शेजारची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. थावरू त्याचं नाव, चांगला दणकट माणूस. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात राहून आलेला. गोळी घेत नाही, अशी तिची तक्रार. थावरू मला पाहून मराठीत म्हणाला, “बाई, अंगात रगतच उरलं नाई, आन् म्हणतेत पातळ करा. कायले करू?”

म्हातारी उठून बसली. मायानं आधार द्यायला हात पुढे केला, तो तिनं झिडकारला. आणि मग ती थावरूला गोरबोलीत बोलायला लागली. आधी रागावून, मग समजावून, पुष्कळ वेळ. मध्ये एकदा परसरामचं नाव आलं, एकदा कमलचं. थावरू उभा होता तो खाली बसला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. शेवटी थावरूनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. म्हातारीनं मायाकडे पाहिलं. “मही बी आन,” म्हणाली. दोघांनी एकाच तांब्यातलं पाणी घेतलं.

एवढ्या बोलण्यातली ती दोन नावं सोडली तर मला एक शब्दही कळला नाही. मी मायालाही विचारलं नाही. थावरूला कळलं होतं.