पाइपवरची लाल खूण

डिश मी फिरवली होती आणि दोष वाऱ्याला दिला. काल इथे आखातात, मुसफ्फाच्या वस्तीत एका छतावर तशीच गंजकी डिश दिसली आणि ते सगळं पुन्हा आठवलं. आमच्या कामगार कॅम्पच्या खोलीत रत्नागिरीचे एक चाचा राहायचे. त्यांच्या गावाकडचं छोटंसं चॅनल सॅटेलाइटवरून इथे दिसायचं आणि त्याची दिशा त्यांनी डिशच्या पाइपवर लाल रंगाने आखून ठेवली होती. त्या शुक्रवारी दुपारी त्यांची मुलगी त्या चॅनलवर भाषण करणार होती. तीन वर्षांत त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. सकाळी मी मॅचसाठी डिश वळवली आणि परत फिरवायला विसरलो. चाचा ओव्हरटाइम करून धावत आले, तर पडदा काळा. "वाऱ्याने हलली असेल, चाचा," मी म्हणालो. ते तापलेल्या छतावर चढले. डिश खुणेवर आणली तरी चित्र लगेच येईना; वरून ओरडत राहिले, "दिसतंय का रे?" चित्र आलं तेव्हा निवेदिका सगळ्यांचे आभार मानत होती. "खलास झालं, चाचा." खाली येऊन ते भाजलेले तळहात नळाखाली धरून बराच वेळ उभे राहिले. आता खोलीत मी एकटाच असतो. आज त्यांना गावी फोन केला. "चाचा, त्या दिवशी वारा नव्हताच. डिश मी फिरवली होती. मला माफ करा."