टेपमधला कोंबडा

आधी मूर्खपणा सांगते, मग पाप. मूर्खपणा असा, की एका रविवारी मी माझ्या नवऱ्याला फोनवर दशावतारातला राक्षस ऐकवला.

पुढचं मात्र घरात कोणालाच ठाऊक नाही. गणपतीत सगळे जमतात, जुन्या गोष्टी निघतात, आणि बोलणं माझ्या कोर्टाच्या दिवसांकडे वळलं की मी चहा ठेवायला उठते. आमच्याकडे गणपतीत एवढा चहा का होतो, ते आज कळेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईहून कट्टा गावी, माहेरी परत आले होते, कडेवर लेक घेऊन. नवऱ्याचा हात उठणं नेहमीचंच झालं होतं, त्याची सवयही झाली होती — सवय होते हो, बाईला कशाचीही होते. पण एका संध्याकाळी त्याने रॉकेलचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "बघून ठेव." मी बघून ठेवला. दुसऱ्या दिवशी एसटीत बसले.

कुडाळच्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरावा काय?" पुरावा! अंगावरचे वळ तोवर मावळले होते. चाळीतल्या शेजाऱ्यांना भिंतीपलीकडचं कधीच काही ऐकू आलेलं नव्हतं. आणि नवऱ्याची पत्रं यायची ती इतकी गोड, की माझी वहिनी वाचून म्हणायची, "भावोजी किती समजूतदार आहेत, तुम्हीच जरा तापट." तो पत्रं मला लिहीतच नव्हता. न्यायाधीशाला लिहीत होता.

खरा तो फोनवर भेटायचा. आमच्या वाडीत फोन एकच, दाजीकाकांच्या किराणा दुकानात. रविवारी सकाळी मुंबईचा ट्रंक कॉल यायचा, काका मला हाक मारायचे आणि मी बोलायला लागले की उठून मागे घरात पेज जेवायला जायचे — तेवढीच माझी अब्रू राखायला. नवरा सांगायचा, मुलीला एक दिवस उचलून नेईन, तुला पत्तासुद्धा लागणार नाही.

मी वकिलांना विचारलं, हे टेप केलं तर चालेल का? गुन्हा तर नाही? ते म्हणाले, "चोरून केलं एवढ्यावरून टेप बाद होईल असं नाही. पण आवाज ओळखता आला पाहिजे, आत कसलाही फेरफार नको, आणि टेप अशी आहे तशीच आहे हे शपथेवर सांगणारा माणूस पाहिजे."

भावाने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर जत्रेतले दशावतार भरून ठेवायचे आणि पावसाळाभर ऐकायचे, हा आमच्या घरचा उद्योग. तो मी कापडी पिशवीत घालून दुकानात नेला, तांदळाच्या पोत्यावर ठेवला. फोन आला. मी मोठ्या हुशारीने बटण दाबलं — एकच. लाल बटण त्याच्याबरोबर दाबायचं असतं, हे त्या शहाणीला कुठे माहीत? पिशवीतून राक्षस गरजला, "अहाहाहा! कोण आहे रे तिकडे?" मुंबईहून नवरा घाबरून विचारतोय, "कोण आहे तिकडे?" दोघांचं संभाषण चांगलं रंगलं असतं. मी म्हटलं, रेडिओ आहे. सव्वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि बटण कळत नाही — आजही तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढच्या रविवारी बटणं दोन्ही दाबली, आणि रिसीव्हर कानापासून जरा दूर, पिशवीतल्या माइकला लागून धरला. आणि काय सांगू — त्या दिवशी तो गोड बोलायला लागला. लेकीला दात आले का, विचारलं. माझा खोकला विचारला. टेप फिरतेय, आणि पत्रातला नवरा आता तिच्यातही भरतोय. न्यायाधीशाने हे ऐकलं असतं तर मलाच समज देऊन मुलीसकट परत पाठवलं असतं. परत — त्या डब्याकडे.

मग मी बोलले. काय बोलले, ते सांगण्यासाठीच एवढं गोल गोल फिरतेय — कळतंय मला. मी म्हटलं, "दात कोणाच्या मुलीचे विचारतोस? ती तुझी आहे, हे तुला सांगितलं कोणी?"

खोटं. साफ खोटं. लेकीचं नाक बघा, कोर्टात नुसतं नाक उभं केलं असतं तरी बाप ओळखला असता. पण त्याला कुठे दाबलं की काय बाहेर येतं, हे संसाराने मला शिकवलं होतं. आणि आलं बाहेर. दोघींना एकाच डब्यात पेटवीन, इथपर्यंत सगळं आलं. स्पष्ट, एकेक शब्द, त्याच्या आवाजात.

फोन ठेवला आणि तिथेच, पोत्यावर बसून, टेप मागे घेतली. माझं ते वाक्य शोधलं. पुन्हा दोन्ही बटणं दाबली, माइकच्या जाळीवर तळवा धरला आणि वाक्य पुसलं. तेवढ्यात काकांचा कोंबडा दुकानात शिरला आणि आरवला, तो तळव्याखालूनही टेपमध्ये भरला. पुन्हा पुसायला गेले असते तर पुढची धमकीही पुसली गेली असती.

मग काकांकडे गेले. म्हटलं, टेपला कोणी हात लावलेला नाही, एवढं कोर्टात सांगाल का? दाजीकाका म्हणजे आमच्या ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालणारा माणूस. जत्रेला सगळा गाव हात जोडून उभा राहायचा, काका गावाच्या वतीने देवाशी बोलायचे, आणि प्रत्येक मागण्याला गाव "होय महाराजा" म्हणायचा. त्यांच्या शब्दाला वजन होतं, म्हणूनच मी त्यांना निवडलं. साधा माणूस सापडला म्हणून नाही. हिशेबाने.

कोर्टात नवऱ्याचे वकील म्हणाले, या बाईने नवऱ्याचं बोलणं चोरून ऐकलं. मी म्हटलं, "चोरून कसं? माझ्याशीच बोलत होते." मग टेप वाजली. गोड गोड बोलणं, मग खरखर, मग कोंबडा, आणि मग डबा. त्याच वकिलांनी विचारलं, फोनच्या बोलण्यात कोंबडा कुठून आला? काका कोर्टातल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "कोंबडा माझाच, साहेब. बोलणं चालू असतानाच आरवला. टेपला कोणी हात लावलेला नाही." लोक हसले. लाइन खरखरायचीच त्या काळी, त्याचं कोणाला नवल?

नवरा उभा राहून ओरडला, "ती म्हणाली मुलगी माझी नाही! ते पुसलंय हिने!" मला विचारलं गेलं. मी शपथेवर सांगितलं, असं मी कधीच बोलले नाही. आयुष्यात एकदाच तो माझ्याबद्दल खरं बोलला, आणि कोणी विश्वास ठेवला नाही. त्याच्या वकिलांनीच त्याला खाली बसवलं.

घटस्फोट मिळाला. लेक माझ्याकडे राहिली, वाढली, तिला लेकरं झाली. हे तीही वाचेल. वाचू दे. आता फोन आपणहून बोलणं भरून घेतात, आणि नात मला विचारते, "आजी, हे कायद्यात बसतं का?" भरून घेणं बसत असेल, बाळ. पुसणं बसत नाही. मी पुसलं. खोटी शपथ घेतली. लेकीच्या जन्मावर बोट ठेवलं. पुन्हा तो रविवार आला तर पुन्हा तेच करीन — फक्त कोंबड्याला आधी हाकलीन.

पण एक राहिलं. त्या साली जत्रेत गाऱ्हाणं घालायला दाजीकाका उभे राहिले नाहीत. त्यांचा पुतण्या उभा राहिला. चाचरत होता, "होय महाराजा" कुठे म्हणायचं तेच लोकांना कळेना. घसा बसलाय काकांचा, असं सगळे म्हणाले. पुढच्या सालीही पुतण्याच. काका मागे, खांबाशी.

मी दुकानात गेले. साखर मागितली. कागदात बांधताना ते गिऱ्हाइकाशी मोठमोठ्याने बोलत होते, घशाला काही झालेलं नव्हतं. गिऱ्हाईक गेलं तेव्हा मी विचारलं, "काका, गाऱ्हाणं का सोडलंत?"

त्यांनी पुडीची गाठ पक्की केली, माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "त्या दिसा मी पेज जेवूक गेलंयच नाय गो. पोत्यांच्या पाठी होतंय, सगळा आयकलंय. खोटा बोललेल्या तोंडान गावासाठी देवाकडे काय मागूचा? गाराणा घालूक गावात धा जण आसत. तुका साक्षीदार खंय गावलो असतो?"